बांधावरचा भात

माझ्या सासऱ्यांना खोटं बोलता येत नाही, अशी कोळवणात त्यांची ख्याती आहे. त्यांच्याबरोबर एका घरात राहायला लागल्यावर मला कळलं की ख्याती खरी आहे, पण अर्धीच. बहिरूमामा खोटं बोलत नाहीत, गप्प बसतात. समोरच्याला जे समजायचंय ते समजू देतात आणि आपण तंबाखू मळत राहतात. या गप्प बसण्याचा भोग यंदा आमच्या खैऱ्याच्या वाट्याला आला.

मी सूसची. आमच्याकडच्या खाचरांवर केव्हाच इमारती उभ्या राहिल्या, त्यामुळं लग्न होऊन इकडं आले तेव्हा मला भाताचं रोपसुद्धा गवत वाटायचं. नवरा इंद्रजित हिंजवडीला कंपनीत जातो, कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. मागं घरात उरतो आम्ही तिघं, म्हणजे मामा, माझ्या सासूबाई रंभाआत्या आणि मी. चौथा खैऱ्या, आमचा कुत्रा. काथाच्या रंगाचा, एक कान कायम पडलेला. पिल्लू असताना आत्यांनी त्याला पौडच्या बाजारातून पिशवीत घालून एसटीनं आणलं होतं. कंडक्टरनं पिशवीत काय म्हणून विचारलं तर आत्या म्हणाल्या, वांगी. पुढच्या थांब्यापर्यंत वांगी कुईकुई करायला लागली, पण तोवर कंडक्टरही हसायला लागला होता.

आमच्या घरात एक रीत आहे. लावणी उरकली की आत्या पळसाच्या पानावर दहीभात घेऊन वरच्या खाचराच्या बांधावर जातात. हा राखणदाराचा नैवेद्य. राखणदार म्हणजे शेताची राखण करणारा. तो दिसत नाही, पण असतो. पान बांधावर ठेवायचं, हात जोडायचे आणि मागं न बघता थोडं पुढं यायचं. कुत्र्यानं येऊन भात खाल्ला की राखणदाराला पोचला. कावळ्यानं खाल्ला तरी चालतो, पण आत्यांचा जीव कुत्र्यावर. पहिल्या वर्षी खैऱ्या पानाला तोंड लावेना, तर त्याच्याजवळ बसून, पाठीवरून हात फिरवून, "तुजाच हाय बाबा, खा" असं म्हणत त्यांनी त्याला तो खायला शिकवला. एकदा चव कळल्यावर शिकवायची गरज उरली नाही. बांधावर ठेवलेला भात आपला असतो, हे त्या मुक्या जीवाच्या डोक्यात आम्हीच घातलं.

आता खेकड्यांचं सांगते. पावसाळ्यात खेकडे बांध पोखरतात. एक बीळ आरपार गेलं की भरलेलं खाचर सकाळी रिकामं, आणि रोपं चिखलात आडवी. पूर्वी मामा खेकडे हातानं धरायचे. खांद्यापर्यंत हात बिळात घालायचे आणि नांगी टाळून पाठीवर पकडायचे. अख्ख्या खोऱ्यात त्यांच्यासारखा धरणारा नव्हता म्हणे. आत्या खेकड्यांचा रस्सा करायच्या आणि शेजारीपाजारीही वाटी पोचायची. हल्ली बरेचजण शिजवलेल्या भातात कीटकनाशक कालवतात आणि त्याचे गोळे बिळात टाकतात. आत्यांना ते अजिबात चालत नव्हतं. ज्या बांधावर नैवेद्य ठेवायचा तिथं विष ठेवायचं नाही, एवढाच त्यांचा कायदा.

मामाही चारचौघांत हेच सांगायचे. गेल्या वर्षी ग्रामसभेत त्यांनी साधनाताईंना उभं करून झाडलं होतं. साधनाताई म्हणजे आमच्या वरच्या खाचराला लागून ज्यांचा बंगला आहे त्या. पुण्यातून निवृत्त होऊन एकट्या इथं येऊन राहिल्यात. बंगल्याची जागा मामांनीच त्यांना विकलेली. त्यांनी कुंपणाशी उंदराच्या विषाच्या वड्या ठेवल्या होत्या. मामा म्हणाले, शहराच्या लोकांना वाटतं आपल्या कुंपणाबाहेर जीवच राहत नाहीत. टाळ्या पडल्या. साधनाताईंनी खाली मान घालून माफी मागितली आणि वड्या उचलल्या. मला तेव्हा मामांचा अभिमान वाटला होता, हे कबूल करायला हवं, कारण पुढं मला त्यांचा जो राग आला त्याचं मूळ तिथंच आहे.

यंदा लावणीच्या दिवसांत एका दुपारी मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. पाऊस जरा उघडला होता. खैऱ्या वरच्या अंगानं आला, पण सरळ येईना. मागचे पाय एकीकडं जात होते, पुढचे दुसरीकडं. तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या. ओट्याच्या पायरीशी येऊन तो ओकला, आणि मग आडवा पडून थरथरायला लागला. ओकारीत पांढरा भात होता. त्या दिवशी आमच्या घरी भात शिजलाच नव्हता, सकाळपासून भाकरीच. आणि त्याला वासही भाताचा नव्हता. सडक्या लसणासारखा उग्र, नाकात बसणारा होता.

मी पहिल्यांदा फोन लावला तो पौडच्या डॉक्टर राजनंदिनींना. गावात कुत्र्यांना लस द्यायला त्या आल्या होत्या तेव्हापासून त्यांचा नंबर माझ्याकडं होता. त्यांनी भराभर सांगितलं. तोंडात काहीही ओतायचं नाही. ताक नाही, तूप नाही, मिठाचं पाणी नाही. थरथरणाऱ्या जनावराला गिळता येत नाही, ओतलेलं सगळं फुप्फुसात जातं. कुशीवर निजवा, लाळ बाहेर पडू द्या, उघड्या हातानं पुसू नका. काय खाल्लंय ते शोधा, पाकीट मिळालं तर घेऊन या, आणि लगेच निघा.

तेवढ्यात आत्या ताकाचा तांब्या घेऊन आल्याच होत्या. विषाला ताक, हे त्यांनी आईच्या दुधाबरोबर घेतलेलं ज्ञान. मी तांब्या त्यांच्या हातून काढून घेतला. लग्न झाल्यापासून मी त्यांच्या हातून काही काढून घेतलेलं नव्हतं. त्या माझ्याकडं अशा बघत राहिल्या, जणू मी त्यांचं लेकरूच हिसकावलं होतं. मी म्हटलं, "आत्या, ताकानं गुदमरून मरेल तो." मग त्यांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि पदरानं, बोटांनी त्याच्या तोंडाचा फेस पुसायला लागल्या. हात लावू नका म्हणून मी दोनदा सांगितलं, पण ऐकतंय कोण.

मामा गोठ्याच्या दारात उभे होते. मी त्यांना सरळ विचारलं की बांधावर काही घातलंय का. ते खैऱ्याकडं बघत होते. मग त्यांनी हनुवटी वर उचलली आणि बंगल्याच्या दिशेनं केली.

"तिकडनं आला त्यो," ते म्हणाले.

शब्द न् शब्द खरा. खैऱ्या तिकडूनच आला होता. वरचं खाचरही तिकडंच आहे, पण तेवढं ओळखायचं त्यांनी आमच्यावर सोडलं.

आत्या उठून बंगल्याच्या कुंपणाशी गेल्या, तिथं काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. पण साधनाताई गाडी घेऊन आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. हातात उंदराच्या विषाचं पाकीट. काल अडगळीच्या खोलीचं दार उघडं राहिलं होतं, पाकिटाचा कोपरा कुरतडलेला दिसतोय, माझंच चुकलं, असं त्या एका दमात सांगत होत्या. मी मामांकडं पाहिलं. त्यांनी खैऱ्याला गोणपाटात गुंडाळून उचललं आणि काही न बोलता गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलं.

मी पुढं बसले. मागं आत्या, त्यांच्या मांडीवर खैऱ्याचं डोकं, आणि पलीकडं खिडकीशी मामा. रस्त्यात खड्डा आला की खैऱ्याच्या घशातून घरघर यायची. मी डॉक्टरांना पुन्हा फोन लावला आणि स्पीकरवर टाकून साधनाताईंच्या पाकिटावरचं नाव वाचलं. डॉक्टरांनी खैऱ्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या बघायला सांगितल्या. आत्यांनी पापणी वर केली. बाहुली मोहरीच्या दाण्याएवढी झाली होती.

डॉक्टर म्हणाल्या की हे उंदराचं विष वाटत नाही. त्या विषाचा परिणाम दिसायला दिवस जातात, हे शेतातल्या औषधासारखं दिसतंय. तसं असेल तर इंजेक्शनं एकामागून एक द्यावी लागतील आणि त्यांच्याकडं थोड्याच कुप्या शिल्लक आहेत. पिरंगुटहून मागवायच्या तर आत्ताच माणूस पाठवायला हवा. कुठलं औषध, तेही कळायला हवं. नक्की सांगा, म्हणाल्या, मी फोन धरून आहे.

मी गाडीत सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं की कुणाला काही माहीत आहे का. साधनाताई रडत गाडी चालवत होत्या आणि पुन्हा पुन्हा म्हणत होत्या की त्यांच्याकडं दुसरं काही औषध नाही, बागेला त्या फक्त शेणखत घालतात. मी समोरच्या आरशातून मामांकडं बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. काचेवरून पाणी ओघळत होतं, बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं. मला भयंकर संताप आला. त्या बाई रडतायत, तो जीव जातोय, आणि हा माणूस काच बघतोय. तरी मी बोलले नाही, कारण माझ्याकडं होता तो नुसता संशय, आणि डॉक्टरांना हवी होती खात्री.

आत्यांना घाबरल्यावर मिशरी लागते. कुणी आजारी असलं, निकाल असला, इंद्रजित घरी यायला उशीर झाला की त्यांचा हात आपोआप कमरेच्या डबीकडं जातो. आताही गेला. फेसानं माखलेला उजवा हात. त्यांनी डबी उघडली, बोटावर मिशरी घेतली आणि बोट तोंडाकडं नेलं.

मामांनी त्यांचं मनगट धरलं. इतकं जोरात की डबी सीटखाली पडली.

"तोंडात घालू नको," ते म्हणाले. "खेकड्याचं औशद हाय त्ये."

फोनवरून डॉक्टर हॅलो हॅलो करत होत्या. आत्यांनी मनगट सोडवून घेतलं नाही. नवऱ्याच्या तोंडाकडं बघत त्यांनी विचारलं, "कुणी घातलं?"

"म्या."

मग ते बोलले, आणि मी त्यांना एका वेळी एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. अंगठा वळत नाही आता. गेल्या पावसाळ्यापासूनच वळत नाही. बिळात हात घातला तर खेकडा धरला जात नाही, उलट तोच धरतो. वरच्या खाचराचं पाणी दोनदा गेलं, ते कुणाला सांगितलं नाही. काल कोंबड्यांना म्हणून टोपातला उरलेला भात नेला, त्यात औषध कालवलं. गोळा बिळात खोल सारून वरून चिखलानं तोंड बुजवायचं असतं, हे माहीत होतं. पहिली काही बुजवली. पुढं पाठ वाकेना. राहिले ते गोळे नुसते तोंडाशी ठेवले.

मी आत्यांकडं बघायचं टाळलं. औषधाचं नाव विचारलं तर मामांनी बंडीच्या आतल्या खिशात हात घातला आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं रिकामं पाकीट काढलं. आत्यांना दिसू नये म्हणून ते कालपासून अंगावरच बाळगत होते. साधनाताई आपलं पाकीट सगळ्यांना दाखवत होत्या तेव्हाही ते तिथंच होतं.

मी नाव वाचून दाखवलं. डॉक्टरांनी फोन ठेवून दुसरीकडं लावला. साधनाताईंनी गाडी कडेला घेतली, डिकीतून पाण्याचा कॅन आणि साबण काढला आणि आत्यांचे हात कोपरापर्यंत धुतले. मामांपुढंही कॅन धरला. त्यांनी हात धुतले. साधनाताईंचं रडणं थांबलं होतं. त्यांनी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

दवाखान्यात सलाइन लावली, सुया टोचल्या, तोंडातला फेस यंत्रानं ओढला. कुप्या संपत आल्या तेव्हा पिरंगुटचा माणूस पोचला. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून बजावलं की पुढच्या वेळी असं काही झालं तर पाकीट घरातच शोधा आणि निघतानाच सांगा. ‘पुढच्या वेळी’ हे शब्द मला टोचले, पण त्यांचं चुकलं नव्हतं. उद्यापर्यंत काही सांगता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. मामा दाराबाहेर पत्र्याखाली उकिडवे बसले होते. आत्या आत, भिंतीकडच्या टेबलाच्या पायाशी. दोघांच्या मध्ये एक भिंत होती आणि दोघंही तिला टेकलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि मामा राहिलेले गोळे गोळा करायला गेलो. मी हातात मोजे घातले, त्यांनाही घालायला लावले. ते पुढं होऊन बीळ दाखवायचे, मी चिमट्यानं गोळा उचलून डब्यात टाकायची. काही ठिकाणी गोळा सापडला नाही. खेकड्यानं नेला की आणखी कुणी, हे विचारून उपयोग नव्हता. बांधाखाली एक कावळा पडलेला दिसला, पंख पसरून. मामांनी वरच्या माळावर खोल खड्डा खणला आणि कावळा नि गोळे सगळं पुरलं. पाठ दुखते असं त्या दिवशी ते म्हणाले नाहीत.

खैऱ्या वाचला. चार दिवसांनी घरी आला तेव्हा बरगड्या मोजता येत होत्या, आणि मागचा एक पाय अजून ओढतो. आत्यांनी त्याच्यासाठी नवी जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, थाळी आणली. तो आता त्या थाळीतलंच खाईल, दुसरीकडं कुणी काही घालायचं नाही, असं त्यांनी घरात जाहीर केलं. मामांशी त्या कामापुरतं बोलत होत्या. जेवायला वाढत होत्या, पण वाढून झाल्यावर समोर बसत नव्हत्या.

मामांनी साधनाताईंची माफी मागितली नाही. ग्रामसभेत उठून बोलणाऱ्या माणसाला कुंपणापर्यंत जाऊन एक वाक्य बोलता येईना. त्यांनी माझ्याबरोबर इंद्रायणी तांदळाची पिशवी पाठवली. साधनाताईंनी चहा केला, खैऱ्याची चौकशी केली, आणि पिशवीवरून हात फिरवत विचारलं, "वैष्णवी, हा वरच्या खाचरातला आहे का गं?" मी म्हटलं, नाही, गेल्या वर्षीचा, खालच्या खाचरातला. त्यांनी मान हलवली. त्यानंतर दोनदा गेले, तर पिशवी तशीच व्हरांड्यात, गाठ न सोडलेली. मी हे घरी सांगितलं नाही.

शेवटच्या खाचराची लावणी उरकली त्या दिवशी आत्यांनी दही लावलेलं होतं. मला वाटलं, यंदा नैवेद्य होणार नाही. पण त्यांनी भात शिजवला, पळसाचं पान धुतलं, आणि निघताना मामांना म्हणाल्या, चला. मामा मुकाट उठले. मीही मागून गेले. खैऱ्या पाय ओढत आमच्या पुढं.

आत्यांनी पान बांधावर ठेवलं, हात जोडले. पण दरवर्षीसारख्या पुढं आल्या नाहीत. तिथंच उभ्या राहिल्या. खैऱ्या शेपूट हलवत थेट पानाकडं निघाला. इतकं होऊनही तो काहीच शिकला नव्हता, बांधावरचा भात अजून त्याचाच होता. आत्यांनी त्याच्या गळ्याला धरून त्याला थांबवलं.

"आधी तुमी खा," त्या मामांना म्हणाल्या.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. मामा खाली बसले. बसायला वेळ लागला, गुडघ्यावर हात ठेवून, मग दुसरा हात जमिनीला टेकून. त्यांनी पानावरचा भात उचलला. अंगठा वळत नसल्यामुळं निम्मी शितं बोटांमधून बांधावर पडली. उरलेला घास त्यांनी तोंडात घातला आणि चावला. आत्या त्यांचा गळा हलेपर्यंत बघत राहिल्या. मग त्यांनी पान उचलून पदराखाली घेतलं. "ह्ये घरी, तुज्या थाळीत," त्या खैऱ्याला म्हणाल्या आणि त्याला सोडून घराकडं निघाल्या.

खैऱ्या त्यांच्या मागं गेला नाही. त्याला बांधावर सांडलेली शितं दिसली होती. तो नाक खाली घालून जवळ आला, तशी मामांनी तळहातानं ती शितं झाकली. खैऱ्यानं त्यांचा हात हुंगला आणि चाटला. मामांनी दुसऱ्या हातानं त्याला बाजूला केलं, आणखी खाली वाकले, आणि मातीतलं एकेक शीत वेचून स्वतःच्या तोंडात घालत राहिले.